प्रकरण चौदा : मासोळीची तेवीस कुलपं

भाऊने खोकं जेवणाच्या टेबलावर आदळलं तेव्हा मिठाची बाटली कलंडली.

"अहो भाऊजी, टेबलाला ओरखडे पडतील," पिंट्याची आई म्हणाली.

"टेबलाचं काय घेऊन बसलात वहिनी? इकडे बापूंच्या नावाला ओरखडे पडलेत." त्याने खोक्याची झाकणं उघडली. आत पितळेची मध्यम आकाराची कुलपं होती, खालच्या कारखान्यातूनच गेलेली. "तेवीस. गोदामवाल्याने परत पाठवलीत. किल्ली लागतच नाही, खाली नुसता हिसका दिला की उघडतात. त्याने एकेक करून मला उघडून दाखवली. शेवटी शेवटी तर त्याला मजाच यायला लागली होती. आणि मी तिथे मान खाली घालून उभा."

टेबलाच्या टोकाला नाना बसला होता, भाऊचा थोरला भाऊ आणि कारखान्याचा मालक. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. रागवायचं की नाही हे ठरेपर्यंत नाना चष्मा पुसतो, आणि पुसून होईपर्यंत बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी रागावलेला असतो. आज ती पाळी आक्काची होती. ती अजून दारातच उभी होती, पितळेच्या भुश्शाने माखलेला ॲप्रन तसाच अंगावर.

आक्का या दोघांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी तिने बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या, कारखान्यात कानस हातात धरली, मग लग्न होऊन गेली, आणि पंचविशीत नवऱ्याच्या घरून कायमची परत आली ती वरच्या मजल्यावर न येता आधी खालच्या बाकावर जाऊन बसली. त्याला तेहतीस वर्षं झाली. बापू गेले, नाना मालक झाला, भाऊ व्यापाऱ्यांकडे फिरायला लागला, आक्का कुलपं जोडत राहिली. घरात तिच्या शब्दाला वजन आहे असं सगळेच म्हणायचे. फक्त ते वजन टाकायची वेळ आली की कोणीतरी तिला चहा घेणार का असं विचारायचं.

"आक्का, चहा टाकू?" पिंट्याची आई म्हणाली.

"नको." ती पुढे आली. "कोणाची आहेत?"

"तेच तर," भाऊ म्हणाला. त्याने एक कुलूप उलटं करून तिच्या हातात दिलं.

कुलपाच्या बुडाशी, किल्लीच्या भोकाशेजारी, तांदळाएवढी मासोळी होती. आक्काने दुसरं उलटं केलं. मासोळी. तिसरं, चौथं, पाचवं. भाऊने उरलेली टेबलावर ओतली आणि पिंट्याची आई डोळे मिटून बसली. तेवीसच्या तेवीस मासोळ्या.

"मास्तर," नाना हळूच म्हणाला.

बापूंच्या काळापासून इथे प्रत्येक कारागिराचा स्वतःचा ठसा असे. बोटभर लांबीचा पोलादी ठसा, टोकाला बारीक चित्र. दिवसाची कुलपं संध्याकाळी एकदम ठसवायची आणि ठसा खिडकीजवळच्या लाकडी फळीत खोचून हात धुवायला जायचं. आक्काची शिडी, कोणाची छत्री, कोणाचं पान. कुलूप बिघडून परत आलं की ते ज्याचं त्याच्या बाकावर जायचं. त्याने ते उघडायचं, काय चुकलं ते सगळ्यांना मोठ्याने सांगायचं, दुरुस्त करायचं, की संपलं. ना दंड, ना बोलणी. मासोळी मास्तरांची. सदुसष्ट वर्षांचे मास्तर बापूंनी स्वतः आणलेले पहिले कारागीर, आणि मासोळी परत आलेली आक्काने उभ्या जन्मात चारदा पाहिली असेल. व्यापारी दुकानात आले की कुलपं उलटी करून मासोळी शोधायचे.

"मी हे तीन महिन्यांपूर्वीच बोललो होतो," पिंट्या म्हणाला.

पिंट्या हा नानाचा मुलगा. वय एकतीस, घरात पिंट्या आणि जिना उतरला की साहेब. तो मघापासून लॅपटॉप उघडून बसला होता आणि आता त्याने तो सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "वय झालं की नजर जाते, हात थरथरतो. यात कमीपणा काहीच नाही. आपण त्यांना मानाने निरोप देऊ. खाली छोटासा कार्यक्रम करू, एखादं छानसं घड्याळ देऊ—"

"घड्याळ," आक्का म्हणाली.

"किंवा दुसरं काही. तू सुचव."

"अठ्ठेचाळीस वर्षं ज्याने या घराला घातलं खायला, त्याला तू घड्याळ देणार. म्हणजे घरी बसून त्याने बघत राहायचं, अजून किती वेळ उरलाय ते."

"आत्या, भावनेच्या भरात बोलू नकोस. समोर तेवीस कुलपं पडलीत."

"पडलीत ना. आणि ती कोणामुळे पडलीत? तुझ्या त्या फळ्यामुळे."

हे तिला कधीचं म्हणायचं होतं. तीन महिन्यांपूर्वी पिंट्याने खाली भिंतभर पांढरा फळा लावला. त्यावर चौदा कारागिरांची नावं, प्रत्येकासमोर आदल्या दिवशी केलेल्या कुलपांचा आकडा, वरची पाच हिरवी, मधली पाच पिवळी, खालची चार लाल. परत आलेल्या प्रत्येक कुलपामागे पाच आकडे वजा. महिन्याच्या शेवटी सगळ्यांत वरच्याला एक शनिवार भरपगारी सुट्टी, आणि सोमवारी सकाळी त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुणाची किती हे मोजायला ठसे होतेच. बापूंनी जे चूक कबूल करता यावी म्हणून केलं होतं, ते पिंट्याला मोजायला आयतं सापडलं. पहिल्या दिवशी मास्तरांसमोर अकरा आकडा लागला, तळाशी, लाल.

"माणसं आहेत ती, पिंट्या. शर्यतीची घोडी नाहीत. पूर्वी पितळेचा चुरा उडून कुणाच्या डोळ्यात गेला तर चार जण बाक सोडून धावायचे. आता मान वर करत नाहीत. छत्रीवाला पानवालीला कानस उसनी देत नाही. उमेद वाढवतोय म्हणे. तू त्यांना एकमेकांच्या उरावर बसवलंस."

"झालं बोलून?" पिंट्याने लॅपटॉप मिटला. त्याचे कान लाल झाले होते. "आता मी एक विचारतो. बापूंनी इतक्या वर्षांत तुला एकदा तरी म्हटलं का, की आक्का, छान केलंस?"

आक्काने हातातलं कुलूप टेबलावर ठेवलं.

"एकदा. कधीतरी. आजारी असताना, जाताना, कधीही."

"विषय तो नाही."

"विषय तोच आहे. चुकलं तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, ही सोय बापूंनी केली. बरोबर केलं तर काय? त्याची काय सोय होती? गेल्या वर्षी चार चांगले कारागीर सोडून गेले. मी चौघांच्या घरी जाऊन विचारलं, तुमच्यापैकी कोणी गेलं नाही. पगाराचं कोणी बोललं नाही. म्हणाले, साहेब, आम्ही तिथे आहोत की नाही हेच कुणाला कळत नाही. म्हणून फळा लावला. चुकला असेल. पण तुम्ही सगळे पंचवीस वर्षं काय करत होतात?"

हे आक्काला झोंबलं, कारण खरं होतं. बापू चांगल्या कुलपावरून नुसता अंगठा फिरवायचे आणि पुढच्या बाकाकडे जायचे. त्या अंगठ्यासाठी ती आयुष्यभर खपली होती, आणि तो पुरेसा नव्हता हे तिला या कालच्या पोराकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

"बरोबर बोलतोय तो," पिंट्याची आई म्हणाली.

"तू थांब गं," नाना म्हणाला.

"का थांबू? सगळे त्याच्याच अंगावर जातात. काही केलं तर का केलं, नाही केलं तर का नाही केलं."

"वहिनी, मी पिंट्याच्या अंगावर जात नाहीये," भाऊ म्हणाला. "फळा राहू दे नाही तर जाऊ दे. मला एवढंच कळतं की मासोळी हे आपलं नाक आहे आणि ते कापलं गेलंय. मास्तरांबद्दल मलाही वाईट वाटतं, आक्का. पण पिंट्या म्हणतो ते करायला लागेल. उद्या मला बाजारात तोंड दाखवायचंय."

म्हणजे भाऊ तिकडे गेला. आक्काने नानाकडे पाहिलं. नानाने चष्मा काढला होता.

"मी खाली बोलावणं पाठवलंय," तो पुसता पुसता म्हणाला. "मास्तर हातातलं संपवून येतायत. मीच बोलतो त्यांच्याशी. गोडीत."

"गोडीत," आक्का म्हणाली. तिला एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं. ती जिन्याजवळच्या कपाटातून छिन्नी आणि हातोडी घेऊन आली, टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरलं आणि पहिल्या कुलपाच्या पाठीचे रिव्हेट उडवायला सुरुवात केली. प्रत्येक घावाला कपबशा वाजत होत्या. पिंट्याच्या आईने आता टेबलाचं नाव काढलं नाही.

पाठीचा पत्रा निघाला. आत लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पितळेच्या पातळ पट्ट्या, एकावर एक बसवलेल्या. आक्काने वरची पट्टी चिमट्याने उचलून उजेडात धरली आणि तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं.

"हे मास्तरांचं नाही."

"ठसा आहे ना," पिंट्या म्हणाला.

"ठसा असू दे. इकडे बघ. कडेला कानशीच्या रेघा दिसतात? कुठे झुकल्यात?"

"उजवीकडे."

"मास्तर डावरे आहेत. त्यांच्या रेघा डावीकडे झुकतात. एवढ्या वर्षांत हे तुला कोणी सांगितलं नाही, की तू विचारलं नाहीस?"

तिने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्यांच्या रेघा उजव्या. भाऊ खुर्ची ओढून जवळ आला. नानाने चष्मा लावला. पिंट्या पट्टी बोटांत फिरवत राहिला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडलेला सगळ्यांना दिसला.

"म्हणजे कुणीतरी खराब माल मास्तरांच्या ठशाखाली खपवतंय. स्वतःचे पाच आकडे वाचवायला."

"कुणीतरी नाही," आक्का म्हणाली. "हे एका हाताचं काम नाही. तीन कुलपं, तीन हात." कोणाचे तेही तिला कळलं होतं, पण ती ते सांगणार नव्हती.

"नालायक साले," भाऊ म्हणाला. "आणि आपण त्या म्हाताऱ्याला घालवायला निघालो होतो. पिंट्या, हे तुझं बक्षीस."

"मी शोधून काढतो. एकेकाला बोलावतो आणि आजच्या आज बाहेर काढतो."

"कोणाकोणाला काढशील?" त्याची आई म्हणाली, आणि या वेळी तिचा सूर निराळा होता. "चौदा माणसं आहेत खाली. तूच लावलास ना फळा?"

"आई, आत्ता तर तू म्हणत होतीस—"

"मघाचं मघा."

आक्का ऐकत नव्हती. ती कुलपं फोडत होती, चौथं, पाचवं, सहावं, आणि राग आता तिला बरा वाटत होता. कारण एक गोष्ट तिला खोकं उघडल्यापासून ठाऊक होती आणि ती या रागाखाली नीट झाकली जात होती. मासोळीचा ठसा दुसऱ्याच्या कुलपावर पहिल्यांदा मारला तो तिनेच.

फळा लागून चार दिवस झाले होते. मास्तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांबरोबर बसेनासे झाले. घंटा झाल्यावरही बाकावर वाकून राहायचे, नजर साथ देत नसताना. पोरीबाळी त्यांच्या लाल नावासमोरून मान वळवून जायच्या. आक्काला ते बघवेना. पाचव्या दिवशी संध्याकाळी मास्तर हात धुवायला गेले तेव्हा तिने फळीतला त्यांचा ठसा उचलला आणि आपल्या पाच कुलपांवर शिडीऐवजी मासोळी मारली. दुसऱ्या दिवशी मास्तर पिवळ्यात आले. शेजारच्या बाकावरच्या पानवालीने ते पाहिलं आणि काही न बोलता तिनेही दोन दिली. मग आणखी कोणी दिली. महिन्याभरात मास्तर हिरव्यात, अगदी वर गेले, आणि एका सोमवारी पिंट्याने त्यांच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवून घेतल्या. आक्काला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. फळ्याचं आणि फळा लावणाऱ्याचं नाक कसं ठेचलं, असं वाटलं होतं. पण ठसा एकदा फळीतून निघाला तो कुणाच्याही हाताला लागला. आधी माणसं मास्तरांना आपलं चांगलं कुलूप देत होती, मग मनात धाकधूक असलेलं द्यायला लागली. मासोळी कोण तपासणार? हे आक्काला आज कळलं. तरी तिने स्वतःला सांगितलं, मी दिली ती चांगलीच दिली. माझ्या कुलपात खोट नव्हती.

आठवं कुलूप उघडलं. रेघा उजव्या. तिने स्प्रिंग उचलली आणि हातातच राहू दिली.

स्प्रिंगची शेपटी आत दुमडलेली होती. कारखान्यात सगळे ती बाहेर दुमडतात. आत दुमडली तर लिव्हर अडकत नाही हे आक्काने वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या डोक्याने शोधलं होतं, आणि ती सोडून कोणी ते करत नव्हतं. शेपटी आत होती आणि स्प्रिंग दोन वेढे आखूड होती. रोज पाच कुलपं दुसऱ्याला द्यायची आणि आपलंही नाव लाल होऊ द्यायचं नाही, म्हणून ती सबंध तीन महिने धावत होती. कधीतरी घाईत आखूड कापली असणार. फळ्याला शिव्या घालत घालत तिने फळ्यासाठीच कापली होती.

"हे कुणाचं?" नानाने विचारलं.

तिने पट्टी, स्प्रिंग, पत्रा, सगळ्यावर हात ठेवला. बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मास्तर जिना चढून आले.

त्यांनी दारात चपला काढल्या, जोडीने लावून ठेवल्या. बारीक अंगाचा, ताठ पाठीचा माणूस. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. टेबलावरचा पसारा त्यांनी एका नजरेत पाहिला.

"या मास्तर, बसा ना," नाना म्हणाला.

"उभाच बरा आहे." त्यांनी न उघडलेलं एक कुलूप उचललं, डोळ्यांशी नेलं, बूड पाहिलं. मग हिसका दिला. कुलूप उघडलं. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं. "किती आहेत?"

"तेवीस. पण ती तुमची नाहीत," भाऊ म्हणाला. "आत्ताच आक्काने—"

"मासोळी आहे म्हणजे माझीच. बापूंनी दुसरा नियम केला नव्हता." ते नानाकडे वळले. "ही कधी केली ते मला आठवत नाही. पण मला हल्ली आठवत नाहीच. मी स्वतःच वर येणार होतो, आज बोलावलंत ते बरं झालं. मला मोकळं करा. आता माझ्या हातून काय होतंय ते माझं मलाच कळत नाही."

"काय आठवत नाही तुम्हाला?" आक्काने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे की आक्का. पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं मी. फळ्यावर माझ्यापुढे एकोणीस लिहिलं होतं आणि मी अकरा केली होती. तुम्हाला म्हटलं, काहीतरी चूक आहे, साहेबांना सांगा. तर तुम्ही म्हणालात, चूक नाही मास्तर, तुम्हीच हल्ली मोजायला विसरता."

आक्काला ते आठवलं. नळावर हात धुताना, साबण लावता लावता, हसत म्हटलं होतं. काहीतरी बोलून विषय मिटवायचा म्हणून. मिटला असं समजून ती साफ विसरून गेली होती.

"मला वाटलं असेलही," मास्तर म्हणाले. ते अगदी शांतपणे सांगत होते. "दुसऱ्या दिवसापासून मी बाकाच्या खालच्या अंगाला खडूने रेघा मारायला लागलो. एक कुलूप झालं की एक रेघ. संध्याकाळी मोजल्या तर अकरा. सकाळी फळ्यावर अठरा. मग वाटलं, रेघा मारायलाही विसरत असणार. घरी सांगितलं. बायको घाबरली. डॉक्टरकडे नेलं तिने. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, कागदावर घड्याळ काढायला लावलं. सगळं जमलं. ते म्हणाले, तसं काही दिसत नाही, पण घरच्यांनी लक्ष ठेवा. आता ती रोज संध्याकाळी विचारते, आज डब्यात काय होतं. आधी मला वाटायचं सहज विचारते. मग कळलं, परीक्षा घेते. गॅसजवळ जाऊ देत नाही. मुलगी सकाळी कोपऱ्यापर्यंत सोडायला येते, सासरचं काम टाकून."

खालून कानशींचा आवाज येत होता. पिंट्याने मान खाली घातली होती.

"मास्तर," आक्का म्हणाली. "अकराच होती."

ते तिच्याकडे बघत राहिले.

"रोज अकराच. कधी बारा. तुमचं काही चुकत नव्हतं. बाकीची माझी होती. तुम्ही हात धुवायला गेलात की मी तुमचा ठसा मारायची. पहिल्यांदा मीच मारला. मग सगळे मारायला लागले." तिने वर्तमानपत्रावरचा हात उचलला. "हे त्यातलंच. खराब आहे, आणि माझंच आहे."

नानाने चष्म्याला हात लावला नाही. भाऊ तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मास्तरांनी ते कुलूप पाहिलं, स्प्रिंग बोटाच्या टोकावर घेतली, दुमडलेली शेपटी पाहिली.

"का?"

"तुमचं नाव तळाला लाल रंगात बघवत नव्हतं."

"कोणाला बघवत नव्हतं?"

आक्काने नजर वर्तमानपत्राकडे वळवली.

"मी सांगितलं होतं कुणाला, की मला वर न्या? मी मागितली होती तुझी कुलपं?" सोळा वर्षांची असताना तिच्या हातात कानस देणारा माणूस तिला तू म्हणायचा. ती परत आली तेव्हापासून त्याने कधी तू म्हटलं नव्हतं. आवाज चढला नव्हता. "अकरा होत होती तर अकरा. लाल तर लाल. त्याने मी मरणार नव्हतो. त्या लाल नावाखाली बसून मी आणखी पाच वर्षं काम केलं असतं, आणि जी अकरा कुलपं केली असती ती नीट बंद राहिली असती. हा पोरगा निदान भिंतीवर लिहीत होता, माझ्या समोर. तू माझ्या पाठीमागे केलंस. मी तुला येऊन विचारलं, तोंडावर विचारलं, आणि तू मला सांगितलंस की माझं डोकं चालत नाही."

"मास्तर, चूक माझी आहे," पिंट्या उठत म्हणाला. "मी तो फळा आजच—"

"खाली बस," त्याची आई म्हणाली. तो बसला.

"माझं चुकलं," आक्का म्हणाली. इतका वेळ जो राग ती सगळ्यांवर फेकत होती, तो आता टाकायला जागा उरली नव्हती. "मला वाटलं मी तुमचा मान राखतेय."

"तीन महिने," मास्तर म्हणाले. "पहाटे उठून बायकोपोरांची नावं म्हणतोय मी. जन्मतारखा म्हणतोय. नातवाचा वर्ग कोणता ते मनाशी घोकतोय, तो आला की चुकायला नको म्हणून."

आक्काने तोंडावर हात घेतला. तिला रडायचा अधिकार नव्हता, म्हणून ती रडली नाही.

मास्तरांनी स्प्रिंग वर्तमानपत्रावर ठेवली, शर्टाला हात पुसले. "ते चुकलं वगैरे खाली सांग. सगळ्यांसमोर, नियम आहे तसं. बाकीच्यांनाही सांगू दे." मग नानाला म्हणाले, "मी आता घरी जातो. बायकोला सांगायला पाहिजे."

"जा ना मास्तर. उद्या निवांत या. नका येऊ हवं तर."

"उद्याचं उद्या बघू."

ते दारापर्यंत गेले. चपला पायात घातल्या आणि जिन्याचा कठडा धरला. मग मागे न बघता म्हणाले, "आक्का, तुम्ही चला."

पुन्हा तुम्ही आलं होतं, आणि ते मघाच्या 'तू'पेक्षा जड होतं.

"मी?"

"मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही. म्हणेल, आता हे असंही काही मनाने रचून सांगायला लागले. माझ्या बोलण्यावर घरात आता कोणी विश्वास ठेवत नाही."

आक्का उठली. ॲप्रनची गाठ सोडायला गेली, बोटांना ती सुटेना. मग तशीच ती त्यांच्यामागून जिना उतरायला लागली.